सोन्याच्या पावट्यांची माळ

१

“माळ गेली! अहो, माळ गेली!”

एवारिस्तो योन्तोप ओरडत संग्रहालयाच्या दारातून बाहेर पळत आला, तेव्हा ओतिलिया अंगणात शिडीवर चढून पताका बांधत होती. दारातली धातू शोधणारी चौकट ओलांडून तो थेट नळापाशी गेला आणि गुडघ्यांवर कोसळला. ओकारी आल्यासारखा तो खाली वाकून राहिला. मग त्याने नळ सोडला आणि ओंजळी भरभरून तोंडावर पाणी मारायला लागला. एरवी सदा हसतमुख असलेल्या या माणसाचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

ओतिलिया शिडीवरून जवळजवळ उडी मारूनच उतरली. संचालक लिसान्द्रो उगास भाषणाची घोकंपट्टी करत फेऱ्या मारत होते. त्यांनी कागद टाकले आणि आत धाव घेतली. त्यांच्या पाठोपाठ ती.

दालनाच्या मधोमध काचेची पेटी होती. कुलूप जागच्या जागी, काच शाबूत. आत किरमिजी मखमलीची गुबगुबीत उशी तेवढी होती. उशीवर काहीच नव्हतं.

“देवा रे!” उगास भिंतीला टेकले. “आजच? आजच व्हायचं होतं?”

पेरू देशातल्या या सान क्रिस्पिन गावात आज सण असल्यासारखं वातावरण होतं. गावामागच्या कच्च्या विटांच्या टेकाडात इंकांच्याही आधीच्या मोचे लोकांच्या राजाची कबर सापडली, तेव्हा लिमाचे साहेबलोक सगळं उचलून राजधानीत न्यायला आले होते. गावाने रस्ता अडवला. बायकांनी डांबरावरच चुली मांडल्या. “आमचा पूर्वज आमच्याकडेच राहील,” असं म्हणत लोक हटले नाहीत. शेवटी लिमाने हात टेकले. संग्रहालय गावात बांधायचं ठरलं, पण एका अटीवर. एकही वस्तू गहाळ झाली, तर अख्खा संग्रह त्याच दिवशी लिमाला जाईल. दुपारी मंत्रालयाच्या अधिकारी यायच्या होत्या आणि त्यानंतर उद्घाटन होतं.

आणि गेली होती ती नेमकी माळ. पावट्याच्या दाण्यांसारखे घडवलेले मणी, अर्धे सोन्याचे, अर्धे चांदीचे. हातात घेतली की मनगट खाली जायचं इतकी जड. जमिनीतून निघाली तेव्हा ती हिरव्या गंजाचा नुसता गोळा होती. एवारिस्तोने वर्षभर भिंगाखाली बसून एकेक दाणा मोकळा केला होता. धातूच्या वस्तू त्याच्याकडे असायच्या आणि मातीच्या ओतिलियाकडे. दोघं एकाच खोलीत, एकाच लांब टेबलाच्या दोन टोकांना बसून काम करायचे.

सार्जंट काहुसोल दोन शिपाई घेऊन आला आणि त्याने आधी फाटक लावून घेतलं.

“रात्री कोण आत आलं होतं?”

“कुणी नाही,” रखवालदार नासारियो पुइकोन छातीवर हात ठेवून म्हणाला. “खिडक्यांना गज आहेत, दार एकच, आणि त्या दारात मी. काल संध्याकाळी सगळ्यांनी माळ पेटीत पाहिली, मग मी कुलूप घातलं. सकाळी पहिला आला एवारिस्तो, काचा पुसायला. दोन मिनिटांत ओरडत बाहेर. किल्ल्या-कॅमेऱ्यांना ही चौकट सोडते, पण सोन्या-चांदीला, अगदी माझ्या लग्नातल्या अंगठीलासुद्धा कोकलते, सार्जंट. कालपासून ती एकदाही वाजलेली नाही.”

“कॅमेरे?”

“अजून खोक्यातच आहेत,” उगास पुटपुटले.

“म्हणजे माळ आतच आहे.” सार्जंटने पट्टा वर ओढला. “शोधा. फरशी उचकटावी लागली तरी चालेल.”

ओतिलिया धावतच आपल्या कामाच्या खोलीत गेली. कशासाठी, ते तिचं तिलाही कळलं नाही. सवयीने तिची नजर टेबलावरच्या फळीकडे गेली.

फळीवर तिच्या बाबांनी केलेली मातीची माळ असायची, हुबेहूब तशीच, सोनेरी-रुपेरी रंग दिलेली. संग्रहालयाच्या दुकानात विकता येतील का हे बघायला त्यांनी केलेला तो पहिला नमुना होता.

फळी रिकामी होती.

२

“काहुसोल, फाटक उघड! भाताचं पातेलं आहे, हात भाजतायत माझे!”

कासिमिराबाई फार्रोन्यान फाटकाबाहेर उभ्या होत्या. त्यांच्या एका हातात काठी होती, दुसऱ्या हाताने पातेल्याचा एक कान धरलेला, दुसरा कान शेजारणीने. जन्मभर सरकारी वकिली करून त्या गावी परतल्या होत्या, आणि आता उद्घाटनाच्या जेवणाची जबाबदारी त्यांच्यावर होती. शिकाऊ असताना काहुसोलने त्यांच्यासमोर साक्षी दिल्या होत्या. अजूनही त्या दिसल्या की त्याचं पोट आपोआप आत जायचं.

“बाई, इथे गुन्हा घडलाय.”

“मग मी योग्य ठिकाणी आलेय. हा बदकाचा भात सावलीत ठेव आणि झाकण उघडू नकोस. तुला मी ओळखते.”

नळापाशी चिखल झाला होता. त्यातून वाट काढताना त्यांची काठी रुतली. त्यांनी ती उपसून वर धरली, टोकाकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि पायरीच्या कडेला घासली. पायरीवर चिखलाचा एक पट्टा उमटला आणि उन्हात चमकला. ओतिलियाने तो पाहिला, पण तिचं डोकं त्या वेळी रिकाम्या फळीत अडकलं होतं.

पेटी उघडल्यावर बाईंनी उशीवर हात फिरवला. मग अंगठा दाबला आणि उचलला. मखमलीत अंगठ्याचा खळगा तसाच राहिला.

“उशी नवीन दिसतेय.”

“माझ्या बायकोने शिवलीये,” उगास म्हणाले. “कालच सकाळी आणली. माळेचे फोटो काढून झाले की तिच्यावर ठेवायची, असं ठरलं होतं.”

“आणि ठेवली?”

“एवारिस्तोने ठेवली. संध्याकाळी महापौरांना मीच दाखवली, दोराच्या अलीकडून. दिवे अजून बसवायचे होते, पण काय झळकत होती!”

“तुम्ही हातात घेतली?”

“छे! कुणीच नाही. पेटीची किल्ली एवारिस्तोकडे आणि माझ्याकडे. माझी तर घरच्या तिजोरीत आहे.”

मग पाळी आली छायाचित्रकाराची. लिमाहून आलेला रेन्सो ब्राकामोन्ते सकाळच्या बसमध्ये चढला होता. शिपायांनी त्याला नाक्यावर उतरवून परत आणलं होतं. त्याच्या पेट्या उपसल्या होत्या आणि भिंगं बाकावर पसरली होती.

“मी चोर? त्या भिंगांना बोटं लावू नका म्हणून सांगा त्यांना!”

“तुम्ही उद्घाटन सोडून का निघालात?” बाईंनी विचारलं.

“कारण उगास साहेबांनी मला जेवणाचं आमंत्रण द्यायची तसदी घेतली नाही.”

“अरेरे. बदक आहे आज.” बाईंनी खरोखरच हळहळल्यासारखी मान हलवली. “काल दुपारचं सांगा.”

“टेबल याच दालनात लावलं होतं. आधी माळ, मग त्या बाईंचा पोपट. फोटो झाले तसा मी सेविचे खायला बाजारात गेलो. दुपार टळली की इथे चांगला मासा मिळत नाही. परत आलो तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. मी दिवे आवरले आणि गेलो.”

“पोपट?”

“माझी जोडसुरई,” ओतिलियाने कोपऱ्यातल्या पेटीकडे बोट केलं. एकमेकींना चिकटलेली मातीची दोन पोटं. एकावर अंगठा जाईल एवढ्या रुंद तोंडाची नळी, दुसऱ्यावर बसलेला पोपट. “नळीतून हवा गेली की पोपट शिट्टी घालतो. एवढ्या शतकांनंतरही.”

“फोटो काढले तेव्हा तू होतीस?”

“अर्धा वेळ. बाबा दुकानासाठी मडक्यांचं खोकं घेऊन आले, ते उतरवायला मी गेले. एवारिस्तो म्हणाला, जा तू, किल्ली दे, तुझ्या पोपटाला मी झोपवतो. लिसान्द्रो साहेब लिमाशी फोनवर बोलत होते.”

सगळ्यात शेवटी एवारिस्तो. पायरीवर डोकं धरून बसला होता. ओतिलियाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तसा तो अजूनच आक्रसला.

“वर्षभर,” तो म्हणाला. “वर्षभर मी त्या दाण्यांशी बोललो, बाई. माझ्या बहिणीच्या लग्नाला गेलो नाही. आता ज्याने कुणी नेलीय, त्याने निदान तोडू नये एवढंच.”

“चौकटीने तुला सोडलं म्हणजे तू तर सुटलास,” बाई म्हणाल्या.

“मला सुटायचं नाहीये. मला माळ हवीय.”

ओतिलियाला भरून आलं. तेवढ्यात पाठीमागून काहुसोलचा आवाज घुमला.

“सापडलं! कुठे लपवली ते मला सापडलं!”

३

सार्जंटच्या हातात मेल्चोर नेसिओसुपने आणलेलं एक मडकं होतं. अरुंद गळ्याचं, गरगरीत पोटाचं.

“माळ अख्खी कशाला ठेवायची? दोरा कापायचा, दाणे मडक्यात ओतायचे. दुकानाचा माल, कोण बघतंय? उद्या कुणीतरी ओळखीचं गिऱ्हाईक येणार, आणि ही चौकट वाजली तरी, ‘अहो, रंगात सोन्याचा वर्ख आहे’ म्हणणार. काय म्हातारबा, बरोबर?”

ओतिलियाचे वडील खोक्याशेजारी उभे होते. सत्तरीचे, कोरडे, कमी बोलणारे. सकाळी ते मडकी मांडायला आले आणि फाटक लागल्यावर आतच अडकले होते. त्यांनी एकदा मुलीकडे पाहिलं आणि नजर जमिनीत घातली.

“बोला की!”

“मला काही सांगायचं नाही.”

सार्जंटने मडकं आपटलं. खापऱ्या उडाल्या. आत काही नव्हतं. दुसरं आपटलं. त्यावर समुद्रसिंह घडवला होता, त्याचं डोकं गडगडत ओतिलियाच्या पायाशी आलं.

“थांबवा हे!” ती ओरडली. “हलवून बघा ना, फोडता कशाला?”

“कापूस घालून गप्प बसवलेलं असलं तर?” तिसरं आपटलं. चौथं. मेल्चोर डोळे मिटून उभे होते. प्रत्येक आवाजाला त्यांच्या पापण्या थरथरायच्या.

“काहुसोल!” बाईंची काठी फरशीवर आदळली. “आणखी एक फोडलंस तर बदकाचा गंधही मिळणार नाही तुला. खाली ठेव ते. डोकं चांगलं चाललंय तुझं, पण हात त्याच्यापुढे पळतायत.”

खोकं जवळजवळ रिकामं झालं होतं. सोन्याचा एक कणही मिळाला नव्हता. सार्जंटने घाम पुसला आणि आवाज चढवला. “ठीक. मग म्हातारबा ठाण्यात येतील. गप्प बसणाऱ्याच्या पोटातच काहीतरी असतं.”

शिपायाने मेल्चोरच्या दंडाला धरलं, आणि ओतिलियाच्या तोंडून शब्द निसटले.

“त्यांना सोडा! मातीची माळ हरवलीय. त्यांनी केलेला नमुना. माझ्या फळीवर होता, आता नाही.”

“पोरी!” मेल्चोर पहिल्यांदाच ओरडले. “कशाला बोललीस!”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“सकाळी तुझ्या खोलीत डोकावलो, तेव्हा दिसली नाही. वाटलं, तूच...” त्यांनी खापऱ्यांकडे पाहिलं. “वाटलं, तूच कशासाठी तरी उचललीस. मी बोललो असतो तर तुझ्यावर आलं असतं.”

“आणि मला वाटलं, मी बोलले तर तुमच्यावर येईल.”

 मग ओतिलियाला रडू आणि हसू एकदमच फुटलं. कासिमिराबाई मात्र हसत नव्हत्या. त्यांचे डोळे लखलखत होते.

“मेल्चोर, ती माळ भाजली होती?”

“नाही. कच्चीच होती. उन्हात वाळवून रंग दिलेला. नमुना कोण भाजतं? आवडली असती तर पुढची भट्टीत घातली असती.”

“म्हणजे पाण्यात पडली तर?”

“चिखल,” मेल्चोर म्हणाले.

बाईंनी ओतिलियाचं मनगट धरलं. त्यांची बोटं गरम झाली होती. “चल माझ्याबरोबर. आत्ताच्या आत्ता.”

पण फाटकाबाहेर मोठा भोंगा वाजला. मंत्रालयाची गाडी ठरल्या वेळेआधीच येऊन उभी राहिली होती.

४

मंत्रालयाच्या अधिकारी ग्रासिएला मोन्तोया आवाज न चढवता बोलायच्या, आणि म्हणूनच त्यांची भीती वाटायची. त्यांनी रिकामी पेटी पाहिली, उगासांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मला वाईट वाटतं. पण अट तुम्ही वाचून मान्य केली होती. संग्रह आजच निघेल.”

फाटकाबाहेर नव्या कपड्यांत गाव जमलं होतं. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली आणि सगळ्यांच्या घशातून एकदमच हुंकार निघाला. बँडवाल्यांपैकी कुणीतरी रागाने ढोलावर एकच थाप मारली.

गाडीतली खोकी उतरली. फेस, कागद, लाल सील. सगळ्यात आधी भांडी बांधायची ठरली. एवारिस्तो पायरीवरून उठला, डोळे पुसले आणि बाह्या वर सारल्या.

“मी बांधतो. आणि बाई, परवानगी असेल तर गाडीतून सोबतही जातो. तिकडे उतरवताना ओळखीचा हात हवा. ओतिलियाला इथे वडील आहेत, तिला कुठे पाठवता?”

“चांगली कल्पना आहे,” मोन्तोयाबाई म्हणाल्या.

ओतिलियाच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या दुःखात याला माझ्या बाबांची आठवण! ती मदतीला पुढे झाली, पण कासिमिराबाईंनी तिचं मनगट सोडलं नव्हतं.

“खोकी चौकटीतून न्यायची का?” काहुसोलने विचारलं.

“सरकारी सील लागल्यावर चौकट कशाला?”

“वा,” कासिमिराबाई हळूच म्हणाल्या. मग त्यांनी खणखणीत आवाजात हाक मारली. “मोन्तोयाबाई! गावाची एकच विनंती. तो पोपट जाण्याआधी एकदा बोलू दे. लहानपणी माझी आजी सांगायची, टेकाडात पोपट शिट्टी घालतो. मी म्हातारी झाले, अजून ऐकलेला नाही.”

एवारिस्तोने जोडसुरई फेसात ठेवलीही होती. “आता नको. सांध्याला चीर गेलीय. हवा मारली तर उकलेल.”

ओतिलिया जागीच थबकली.

“कसली चीर? माझ्या सुरईला चीर नाही.”

“बारीक आहे. काल दिसली मला.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

तो हसला. नेहमीचंच हसू, पण या वेळी ते ओठांच्या वर चढलं नाही. ओतिलिया खोक्यापाशी गेली. “हात लावू नकोस!” तो म्हणाला, आणि सगळ्यांनी वळून पाहिलं.

तिने दोन्ही तळवे सुरईच्या पोटांखाली घातले, जसे शेकडो वेळा घातले होते. तिच्या हातांना या सुरईचं वजन झोपेतही ठाऊक होतं. तिने उचललं.

तिची मनगटं खाली गेली.

श्वास रोखून तिने सुरई टेबलावर ठेवली. खिशातून धूळ उडवायचा रबरी फुगा काढला, नळीच्या तोंडाला लावला आणि दाबला. पोपट बोलला नाही. हवा फुस्सकन परत तिच्याच बोटांवर आली.

“आत काहीतरी आहे,” ती म्हणाली. तिला आपलाच आवाज परका वाटला.

“काहुसोल, दारात उभा राहा,” कासिमिराबाई म्हणाल्या. “तू अर्धं बरोबर ओळखलं होतंस. मडक्यातच. फक्त तू खोटी मडकी फोडलीस. खऱ्याला हात लावायची कुणाची छाती होणार? त्यावरच तर तो विसंबून होता.”

“कोण?” उगासांनी विचारलं.

“उशीवर हात फिरवा, साहेब. माझ्या अंगठ्याचा खळगा अजून बसलाय. एवढी जड माळ रात्रभर तिच्यावर असती तर मखमल चुरगळून गेली असती. ती तर नुकत्याच इस्त्री केलेल्या परकरासारखी होती. म्हणजे काल संध्याकाळी महापौरांनी जे झळकताना पाहिलं, ते हलकं होतं. मेल्चोरच्या मातीचं. खरी माळ त्याआधीच, भर दुपारी गेली होती. हे सेविचे खात होते, ओतिलिया खोकं उतरवत होती, तुम्ही फोनवर. टेबलावर माळ आणि सुरई शेजारी शेजारी, आणि दोन्ही पेट्यांच्या किल्ल्या एकाच माणसाकडे.”

सगळे एवारिस्तोकडे वळले. 

“पण मातीची माळ?” काहुसोल गोंधळला. “ती कुठे गेली?”

“ती सकाळी चौकटीतून बाहेर गेली, ओरडत. मातीला चौकट कशाला कोकलेल? आपण म्हटलं, चौकट वाजली नाही म्हणजे हा सज्जन. खिशातली कच्ची माळ याने नळाखाली मळली आणि आपल्याला वाटलं, बिचारा तोंड धुतोय. पायरीवर माझ्या काठीचा चिखल बघा. सोन्याच्या रंगाने चमकतोय.”

“पण सकाळीच मातीची माळ काढायची काय गरज होती?” मोन्तोयाबाईंनी विचारलं. आता त्यांचाही आवाज चढला होता. “तशीच राहिली असती तर...”

“तर तुम्ही आज ती हातात घेतली असती. आणि दुसरं म्हणजे, त्याला चोरी उघड व्हायलाच हवी होती. इथून सोनं बाहेर काढणं अशक्य. पण चोरी झाली की सरकारच सगळं उचलणार, सील लावणार, चौकट टाळून घेऊन जाणार. त्याला फक्त सोबत बसून लिमात एक खोकं उघडायचं होतं. बाई, माळ तुमच्याच गाडीतून जाणार होती.”

ओतिलियाने लांब चिमटा नळीत घातला. कापसाचा बोळा निघाला, मग आणखी एक. तिने मऊ कापड पसरून सुरई हळूहळू कलती केली.

टप्.

एक सोन्याचा पावटा कापडावर पडला. मग चांदीचा. मग खळखळत, एकावर एक, ढीग झाला.

५

 उगास खाली बसून लहान मुलासारखे रडायला लागले. ब्राकामोन्ते आपली भिंगं गोळा करायची सोडून कॅमेऱ्याकडे धावला.

“का?” ओतिलियाने विचारलं. तिला राग यायला हवा होता, पण अजून आला नव्हता.

एवारिस्तोने दारावरच्या पितळी पाटीकडे बोट दाखवलं. “वाच. कुणाचं नाव आहे? शोध, जतन, मांडणी, सगळं लिसान्द्रो उगास. वर्षभर माझे डोळे गेले आणि पाटीवर माझं नाव कोरायला जागा उरली नाही. लिमात एक माणूस भेटला. तो म्हणाला, मला ती माळ दे, मी तुला परदेशात स्वतःची कार्यशाळा काढून देतो.”

“तोडून विकली असती त्याने.”

“नाही. त्याने शब्द दिला होता.”

“आणि माझे बाबा? ते ठाण्यात चालले होते. तू पायरीवर बसून बघत होतास.”

 शिपायांनी त्याला धरलं. दारातून जाताना तो थांबला आणि ढिगाकडे बघून म्हणाला, “चांदीच्या दाण्यांना उघड्या बोटांनी हात लावू नकोस. काळे पडतात.” आणि तेव्हा कुठे ओतिलियाला राग आला. कारण तो खरं बोलत होता. त्या दाण्यांची त्याला खरोखरच काळजी होती.

मोन्तोयाबाई कापडापाशी उभ्या होत्या. “अटीत लिहिलंय, वस्तू गहाळ झाली तर,” त्या सावकाश म्हणाल्या. “ही तर इमारतीबाहेर पाऊलभरही गेली नव्हती. सापडलीही इथल्याच लोकांना. मला वाटतं, मी आज उद्घाटनाला आलेय.” त्यांनी सील लावलेलं पहिलं खोकं स्वतःच्या हाताने फाडलं. “पण ती पाटी बदला, साहेब. चोराची बाजू घेत नाही मी. तरी पाटी बदला.”

“बदलतो,” उगास नाक पुसत म्हणाले. “सगळ्यांची नावं घालतो. खणणाऱ्यांचीसुद्धा.”

मेल्चोरने दोरा ओढून पाहिला, उगासांनी हातमोजे वाटले, ओतिलियाने दाणे ओवले. उजवीकडे सोनं, डावीकडे चांदी, जशी ती राजाच्या छातीवर सापडली होती. काहुसोल खापऱ्या गोळा करत होता आणि मेल्चोरच्या नजरेला नजर देत नव्हता.

“सार्जंट,” म्हातारा शेवटी म्हणाला, “पुढच्या आठवड्यात माती तुडवायला या. पाय तगडे आहेत तुमचे.”

“येतो, काका,” काहुसोल मान खाली घालून म्हणाला.

फाटक उघडलं तेव्हा बँड सुरू झाला आणि गाव आत घुसलं. रांग करा, रांग करा, असं नासारियो ओरडत होता आणि कुणी ऐकत नव्हतं. पेटीपाशी सगळ्यात आधी पोचली तेओदोलिन्दा. टेकाडापलीकडे तिचं शेत होतं. तिने काचेला नाक टेकवलं.

“हे पावटे आहेत,” ती म्हणाली.

“हो, मावशी.”

“आमच्या वेलाला येतात तसले. वाकडे, एका बाजूने फुगलेले.”

“तसलेच.”

“एवढा मोठा राजा. गळ्यात पावटे घालायचा?” तिने ओतिलियाकडे वळून पाहिलं. “मग खायचा काय गं तो?”

“भांड्यांत राहिलेलं तपासलंय मी. मका, मासे आणि पावटेच.”

तेओदोलिन्दा वळली आणि मागे रेटारेटी करणाऱ्या अख्ख्या गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, “अगं बायांनो, या पुढे, घाबरू नका! आपल्यातलाच आहे!”